काठीभर लांब

काका, त्या दिवशी मी पोचले होते. साडेतीनलाच पोचले होते. रिंग दिली नाही, एवढंच.

हे सांगायला आता तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. या देशात माणसाला गेल्यावरही रांगेत थांबावं लागतं. तुम्ही थांबलात, आणि परवा शुक्रवारी तुमचा नंबर लागला. क्रेमॅटोरियममध्ये वीस मिनिटं मिळाली. हॉस्पिटलच्या लॅबमधले तुमचे जुने सहकारी आले होते, मराठी मंडळातले झाडून सगळे आले होते. तुमचा मुलगा अनिकेत इंग्रजीत बोलला, छान बोलला. काकूंनी मला हळूच विचारलं, ‘मीनल, तू बोलतेस का दोन शब्द?’ मी नको म्हटलं. माझ्याकडे खरोखर दोनच शब्द होते, ‘मी पोचले’, आणि ते तिथे कुणाला कळले नसते.

तुमची-माझी ओळख कशी झाली, हे तुम्ही मंडळाच्या दर दिवाळीला सांगायचात, आणि दर वर्षी मी नदीत आणखी थोडी आत गेलेली असायचे. गेल्या दिवाळीला तर मी कमरेएवढ्या पाण्यात होते. खरं काय झालं ते आज मी सांगते. आज तुम्ही मध्ये बोलणार नाही.

पुण्याहून वर्क व्हिसावर येऊन मला चार महिने झाले होते. कार्डिफमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे आणि टॅफ नदीपासून दहा मिनिटांवर, एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचे. खिडकीत आईनं दिलेला पितळी गणपती. त्याची रोजची फुलं मी पिशवीत साठवायचे, कारण निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, हे आईनं विमानतळावर तिसऱ्यांदा बजावलं होतं. कार्डिफला बर्फ पाहुण्यासारखा येतो. दोन दिवस राहतो, सगळ्यांची गैरसोय करतो आणि जातो. त्या रविवारी तो आला होता. नदीचा काठ असा गुळगुळीत पांढरा दिसत होता की मला वाटलं, सरळ पाण्यापर्यंत चालत जावं आणि वाकून पिशवी रिकामी करावी.

तेवढ्यात मागून आरोळी आली. ‘अहो बाई, थांबा! पाय उचलू नका!’

वेल्समधल्या नदीवर, मराठीत. मी थांबले ती शहाणपणानं नाही, आश्चर्यानं. नंतर कळलं की माझ्या पिशवीवरचं पुण्याच्या मिठाईवाल्याचं देवनागरी नाव तुम्ही लांबून वाचलं होतं. वळून पाहिलं तर एक सत्तरीचे गृहस्थ, लोकरी टोपी, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा तपकिरी ओव्हरकोट, बाह्या बोटांपर्यंत लोंबलेल्या.

‘घाई करू नका. आलात त्याच ठशांवर पाय ठेवत मागे या. ही काठी धरा. हं. आता आणखी एक पाऊल.’

मी मागे आले. मग तुम्ही काठी लांबवून मी उभी होते त्याच्या एक पाऊल पुढे टोचलीत. ती मुठीपर्यंत आत गेली. बर्फाचा एक मोठा तुकडा सुटला आणि खाली पाण्यात पडला. जिथे मी पाय ठेवणार होते तिथे काळं पाणी दिसायला लागलं.

‘जमीन केव्हाच संपलीय इथे. हा नुसता बर्फाचा छज्जा आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘देवाला सोडायला आलात की स्वतःला?’

यावर मी काय म्हणाले? आभार मानले? नाही. मी म्हणाले, ‘अय्या, माझी पिशवी पडली.’ पडले तरी नाक वर, तशी मी. तुम्ही हसलात आणि मला घरी घेऊन गेलात. काकूंनी आल्याचा चहा दिला आणि पायातले ओले मोजे काढायला लावले. कमरेएवढं पाणी वगैरे काही नव्हतं, काका. फक्त मोजे.

त्यानंतरचे पाच हिवाळे आपण रविवारी नदीवर चाललो. तुम्ही मला हेझलच्या झाडाची एक काठी तासून दिलीत, खाली लोखंडी टोक बसवून. ‘काठी आधी, पाय नंतर,’ हा तुमचा पहिला धडा. काठी टणक लागली तरी तिथे उभं राहायचं नाही, आणखी काठीभर मागे राहायचं. बर्फ पडतो त्या दिवसापेक्षा तो वितळतो तो दिवस जास्त वाईट, कारण वरच्या डोंगरातलं पाणी दुपारपर्यंत खाली येतं आणि सकाळी पाहिलेला काठ संध्याकाळी नसतो. साचलेल्या पाण्यावर बर्फ धरलेला दिसला की मी म्हणायचे, हा तरी नक्की पेलेल. तुम्ही एक दगड उचलून माझ्या हातात द्यायचात, ‘टाक.’ दगड आरपार जायचा. एकदा एका बाईचा कुत्रा त्या बर्फावर गेला आणि ती त्याच्या मागे निघाली, तर तुम्ही चक्क तिच्या बॅगेचा पट्टा धरून ठेवलात. ती ओरडत होती, तुम्ही शांतपणे ‘ही विल कम, लव्ह, ही विल कम’ म्हणत होतात. कुत्रा आपणहून आला, अंग झाडलं आणि तुम्हालाच भिजवलं.

मला तेव्हा हे सगळं अतीच वाटायचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे ठाऊक होतं, पण तुमचं तोंड कधी पोळलं ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्या हिवाळ्यात तुम्ही ते सांगितलंत, बाकावर बसून, थर्मासमधला चहा झाकणात ओतता ओतता.

तुम्ही सांगलीचे. कृष्णेच्या पुरात उड्या मारलेला माणूस. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात काठाचा बर्फ तुटून तुम्ही याच नदीत पडलात, आणि पडताना तुम्हाला हसू आलं होतं म्हणे. पोहता येतंय की! ‘नदी ती नदी, असं वाटलं गं,’ तुम्ही म्हणालात. ‘पण पाणी अंगाला लागलं आणि श्वासच बाहेर येईना. हात मारायला गेलो तर हात माझे नाहीत. कृष्णेनं शिकवलेलं एका मिनिटात पुसलं गेलं. पाण्यात पडलं की पोहायचं नाही, मीनल. पहिलं मिनिट उताणं पडून नुसतं तरंगायचं. श्वास परत आला की मग काय ते.’

तेव्हा वाटेवर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. तो पाण्यात उतरला नाही, काठावर पोटावर आडवा झाला आणि कुत्र्याचा पट्टा तुमच्याकडे फेकला. बाहेर ओढल्यावर तुमचे ओले कपडे काढून स्वतःचा ओव्हरकोट तुम्हाला घातला, रस्त्यावर एक व्हॅन थांबवली आणि तुम्हाला आत बसवून दिलं. तो स्वतः नुसत्या जर्सीत उभा राहिला. ‘मी त्याला थँक यू म्हणालोच नाही,’ तुम्ही म्हणालात. ‘दात इतके वाजत होते. नावही नाही विचारलं.’ तेव्हापासून दर हिवाळ्यात तुम्ही तो कोट घालून नदीवर जात होतात, कधीतरी त्याचा मालक ओळखेल म्हणून. चाळीस हिवाळे! मी विचारलं, आता तो असेल तरी का? तुम्ही चहाचं झाकण झटकलंत आणि म्हणालात, ‘कोट तर आहे.’

आणि ती रिंग. मोबाइलवर तुमचा विश्वास नव्हता, हॉलमधल्या लॅंडलाइनवर होता. नदीवर जाताना कळवायचं आणि घरी पोचलं की दोन रिंगा देऊन फोन ठेवायचा. तुम्ही उचलायचा नाहीत. दोन म्हणजे पोचले. ‘तिसरी वाजली की काहीतरी झालंय. मग मी बूट घातलेच समज,’ असं म्हणायचात. एकदा माझं लक्ष नव्हतं आणि तिसरी वाजली. तुम्ही उचलून इतक्या जोरात ‘काय झालं? कुठे आहेस?’ ओरडलात की माझ्या हातातली बशी पडली. त्यानंतर मी मोजूनच रिंगा द्यायला लागले. अनिकेत कधीच द्यायचा नाही. तो लंडनजवळ, क्रॉयडनला आपल्या घरी पोचल्यावर मेसेज करायचा, आणि तुम्ही तो मेसेज दुसऱ्या दिवशी, काकूंनी दाखवल्यावर वाचायचात.

आपलं एकच भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, निर्माल्याचं. तुमचं म्हणणं, उन्हाळ्यात नदी, हिवाळ्यात माती. परसात तुम्ही एक अर्धं पिंप ठेवलं होतंत, त्यात गुलाब. थंडीचं सगळं निर्माल्य त्यात. मी म्हणायचे, हा तुमचा सोयीचा धर्म. तुम्ही म्हणायचात, ‘बाप्पा येतो मातीतून, मग मातीत जायला त्याची काय हरकत?’ उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे तुम्हाला माहीत आहे.

त्या रविवारी तो जरा जास्तच चढला. माघी गणपतीला मी दोन दिवस मूर्ती सजवली होती. दूर्वा म्हणून लॉनमधलं गवत निवडलं होतं, जास्वंदीच्या जागी सुपरमार्केटमधली लाल कार्नेशन्स. मग बर्फ पडला, आठवडाभर टिकला, आणि रविवारी ऊन आलं. मी फोन केला, ‘काका, नदीवर जाऊन येते.’

‘आज नको. आज पाणी वाढलेलं असणार. पिंपात टाक ना.’

‘वर्षातून एकदा येतो तो गणपती. त्याचं निर्माल्य पिंपात?’

‘मग थांब, मी येतो बरोबर.’

‘काका, मी चौतीस वर्षांची आहे! अंघोळही तुम्हाला विचारून करायची का आता? तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी पडलात म्हणून मी का जन्मभर घाबरायचं?’

बाकावर, चहाच्या झाकणाशी, विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी तुमच्यावरच फेकली. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘बरं. पोचलीस की रिंग दे.’

मी गेले. काठी घेऊनच गेले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. काठापाशी पोचले तर पाणी असं फुगलं होतं, फांद्या, प्लास्टिक, सगळं घेऊन धावत होतं. मी काठीनं चाचपत गेले, टणक लागलं तिथून काठीभर मागे उभी राहिले, गणपतीची क्षमा मागितली आणि निर्माल्य तसंच परत घेऊन आले. तुमचं बरोबर होतं, काका. शंभर टक्के बरोबर होतं. त्याचाच मला राग आला. पाचला फोन वाजला, तुमच्या घरचा नंबर दिसत होता. वाजू दिला. उचलला असता तर ‘सोडलंस का गं निर्माल्य?’ असं तुम्ही विचारलं असतंत, आणि मला ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. सोमवारी म्हटलं, उद्या जाऊ. मंगळवारी ऑफिसात उशीर झाला. बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला. तुम्ही खुर्चीत चहा घेत होतात, कप अर्धा राहिला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. केव्हाही होऊ शकलं असतं. काकूंनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा बोलता बोलता एवढंच म्हणाल्या, ‘रविवारी तुला शोधायला नदीवर गेले होते हे.’ पुढे त्यांना बोलवेना. मला विचारवेना. सत्तरीपुढचा माणूस, संध्याकाळची थंडी, वाढलेली नदी, आणि मी खिडकीत बसून टोस्ट खात होते. बारा रात्री मी हेच पुन्हा पुन्हा पाहते आहे. तुम्ही त्या काठावर किती वेळ उभे होतात? पाण्याकडे पाहून तुम्हाला काय वाटलं असेल? मी पोचले हे तुम्हाला कळलं तरी का?

इथवर लिहून मी थांबले होते. पुढचं आठवड्यानं लिहिते आहे.

काल तुमच्या अस्थी घेऊन आम्ही नदीवर गेलो, काकू, अनिकेत आणि मी. अनिकेतनं तुमचा तो तपकिरी कोट घातला होता. त्याला बाह्या बरोबर झाल्या. निघताना हॉलमध्ये शोधत होता, त्याच्या मोडक्या मराठीत विचारत, ‘मीनलताई, बाबांचा काठी कुठे गेला?’ मी त्याला माझी दिली आणि तुमची मी घेतली. डोंगरात पुन्हा बर्फ झाला होता. इथे काठावर जुना, वरून कडक झालेला थर होता, आणि पाणी जवळजवळ त्या रविवारइतकंच वर. अनिकेत डबा छातीशी धरून सरळ पाण्याकडे निघाला. काठी काखेत.

माझ्या तोंडून तुमचंच वाक्य बाहेर पडलं. ‘अनिकेत, थांब! पाय उचलू नकोस!’

तो थांबला. वळून बघतो तर मी तुमची काठी पुढे धरलेली. ‘ओ माय गॉड,’ तो म्हणाला, ‘यू साउंड एक्झॅक्टली लाइक हिम.’ मग आला मागे, आपल्याच ठशांवर पाय ठेवत, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. त्या शुक्रवारी क्रेमॅटोरियममध्ये रडला नव्हता.

काकू मागे वाटेवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘चला घरी. मे महिन्यात येऊ. हिवाळ्यात नदीला काही द्यायचं नाही, जन्मभर मला हेच ऐकवलं आणि आता स्वतः निघालेत. ह्यांना काही घाई नाही.’ आम्ही तिघंही हसलो, काका. तुमच्या अस्थी हातात घेऊन हसलो. रागावू नका.

परत येताना अनिकेत पुढे गेला आणि मी काकूंना विचारलंच. माझ्यामुळे का, काकू? त्या दिवशी मी रिंग दिली नाही म्हणून का?

काकू चालायच्या थांबल्या. ‘वेडी आहेस का तू? तू काही सांगितलंस का त्यांना जायला? आणि परत आले ते किती खुशीत आले होते! दुपारचं पिठलं गरम करून मागितलं. मी म्हटलं, अहो, पोरगी कुठे आहे ते सांगा आधी. तर म्हणाले, पोचली. बर्फात सगळं लिहून ठेवलंय तिनं. आधी काठीचं भोक, मग पाय, आधी काठी, मग पाय, थेट नदीपर्यंत. आणि काठापासून बरोब्बर काठीभर लांब थांबलीय आणि परत फिरलीय. एक पाऊल चुकलं नाही, म्हणाले. मग तुझ्या गल्लीतून आले. तू खिडकीत काहीतरी खात होतीस.’

‘मग बेल का नाही वाजवली?’

‘मी पण तेच विचारलं. म्हणाले, रुसलीय ती, रुसू दे. उद्या येईल.’

मी आले नाही, काका. सोमवारी आले नाही, मंगळवारी आले नाही. तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही माझी वाट बघत होतात. हे दोन दिवस मला कुणी परत देणार नाही. पण ते ठसे तुम्ही वाचलेत, एवढं मला पुरेल. पुरवून घेईन. पाच हिवाळे मी तुम्हाला भित्रे म्हटलं, हट्टी म्हटलं, एकदाही थँक यू म्हटलं नाही. माझे तर दातही वाजत नव्हते. आता म्हणते, थँक यू, काका. उशीर झाला, पण तुम्हालाही तुमचं कुणाला म्हणता आलं नव्हतं, तेव्हा तुम्ही समजून घ्याल.

माघी गणपतीचं निर्माल्य त्या दिवसापासून माझ्या दाराशी पिशवीत होतं. काल ते मी तुमच्या पिंपात, गुलाबाच्या मुळाशी घातलं आणि वर माती ओढली. भांडण मी हरले. तुम्ही जिंकलेलं तुम्हाला बघायला मिळालं नाही, याचं मात्र फार वाईट वाटतं. अस्थींचा डबा काकूंनी हॉलमधल्या कपाटात, कोटाखाली ठेवला आहे.

संध्याकाळी घरी आले, बूट काढले आणि सवयीनं तुमच्या घरचा नंबर फिरवला. एक रिंग. दोन. बोट बटणावर होतं. मी फोन ठेवला नाही. तिसरी वाजू दिली. तुम्ही ओरडाल, ‘काय झालं? कुठे आहेस?’ म्हणून कानाला घट्ट धरून बसले. चौथी वाजली. पाचवीला काकूंनी उचलला.

‘काय झालं गं?’

‘काही नाही, काकू. पोचले.’